उबुंटूवर रियलटेकच्या वाय-फाय ड्रायव्हरमधला क्रॅशचा धोका कसा काढायचा

मराठवाड्यात सेवा केंद्रावर, कोचिंगमध्ये जुन्या लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स टाकून काम चालवायलेत बरेच जण, आणि ऐन पीक विम्याच्या गर्दीत मशीन गोठलं की रांगेतल्या माणसाचा अख्खा दिवस जातो, म्हणून हे करूनच घ्या.

2019 मध्ये लिनक्सच्या आरटीएलवायफाय ड्रायव्हरमध्ये, म्हणजे रियलटेक कंपनीची वाय-फाय चिप चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, चूक सापडली, सुरक्षेच्या चुकांच्या यादीतला तिचा नंबर सीव्हीई-2019-17666. वाय-फाय डायरेक्टमध्ये (राउटरशिवाय दोन डिव्हाइस थेट जोडायची सोय) समोरचं डिव्हाइस 'मी अमुक वेळ रेडिओ बंद ठेवणार' अशा नोंदी पाठवतं, ड्रायव्हरमध्ये जागा फक्त 2 नोंदींची, पण आलेल्या नोंदी तेवढ्यात बसतात का हे न बघताच तो लिहीत सुटायचा. रेंजमधून कुणी मुद्दाम तसं पॅकेट सोडलं की शेजारची मेमरी खराब आणि कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभाच, क्रॅश. दुरुस्ती एवढीशी, आकडा 2 च्या वर गेला तर 2 च धरायचा.

आधी टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) एलएसमॉड टाका, चालू असलेल्या ड्रायव्हरची यादी येते. वाय-फाय चालू असताना यादीत आरटीएलवायफाय नसेल तर ही चूक तुमच्या मशीनमध्ये नाही, सोडून द्या.

असेल तर युनेम डॅश आर (डॅश म्हणजे आडवी रेघ) टाकून कर्नलचा नंबर लिहून ठेवा. मूळ लिनक्समध्ये 5.3.6 पर्यंत ही चूक होती, पण उबुंटूवाले जुन्या नंबरच्या कर्नलातसुद्धा दुरुस्ती घालून देतात, त्यामुळं नुसत्या नंबरावरून घाबरू नका, अपडेट येतात का ते बघा. 18.04 चा साधा सपोर्ट 2023 लाच संपला, तसलं जुनं असेल तर नवीन आवृत्तीच टाका.

मग सुडो ॲप्ट अपडेट, आणि ते झालं की सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड. लोडशेडिंगची वेळ बघून बसा, लॅपटॉपची बॅटरी गेलेली असेल तर इन्व्हर्टरवर लावा. मधेच लाईट गेलीच तर परत चालू करून सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रीस्टार्ट करा. झाकण लावून झोपवलेला लॅपटॉप महिनाभर जुन्याच कर्नलवर चालत राहतो, नवीन नुसतं डिस्कवर पडून असतं, आणि लोक इथंच फसतात बघा. रीस्टार्टनंतर युनेम डॅश आर परत टाका, अपडेटमध्ये नवीन कर्नल आलं असेल तर आधी लिहिलेला नंबर बदललेला दिसला पाहिजे.

आज अपडेट जमत नसेल तर वाय-फाय बंद ठेवून लॅन केबलवर काम करा.

एवढं करूनही गोठायला लागलं तर जर्नलसीटीएल डॅश के डॅश बी डॅश 1 टाकून मागच्या वेळचे कर्नलचे मेसेज वाचा, आरटीएलचं नाव कुठंच नसेल तर फॅनमधली धूळ काढा, रॅम तपासून घ्या.