जुन्या बॅकअपने डिस्क भरलीये? डिलीट दाबायच्या आधी हे बघा

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की पहिला हात जातो डाउनलोड फोल्डरवर, तिथले जुने इन्स्टॉलर उडवले की एखाद-दोन जीबी मिळतात आणि थोड्या दिवसांत परत तेच. खरी जागा बऱ्याचदा जुन्या बॅकअपनी खाल्लेली असते आणि ते कुठेतरी लपलेल्या फोल्डरमध्ये असतात म्हणून आपल्याला दिसतच नाहीत. साफ करणं अवघड नाहीये, फक्त एक गोष्ट पक्की धरा: बॅकअप ज्या प्रोग्रॅमने बनवलाय त्याच प्रोग्रॅममधून तो काढायचा. फोल्डर उघडला, सगळं सिलेक्ट केलं आणि डिलीट मारलं, असं करायचं नाही.

आधी जागा कुठे गेलीये ते मोजा. विंडोजवर विझट्री किंवा विनडरस्टॅट घ्या, लिनक्सवर डिस्क युसेज अ‍ॅनालायझर आहे. विंडोजवर हे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, नाहीतर सिस्टिमचे काही फोल्डर मोजलेच जात नाहीत आणि एवढी जागा गेली कुठे हा प्रश्न तसाच राहतो.

आणि काहीही काढायच्या आधी तुमचा सगळ्यात नवा बॅकअप खरंच उघडतोय का ते बघा. 'बॅकअप सक्सेसफुल' असा मेसेज आला म्हणून भागत नाही, त्यातून एक फोटो, एक डॉक्युमेंट, एक जुनी फाइल आणि एक कालपरवाची फाइल दुसऱ्याच फोल्डरमध्ये रिस्टोअर करा आणि उघडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक लोक हेच टाळतात. नवा बॅकअप उघडत नसेल तर जुन्याला हात लावू नका, आधी नवीन घ्या.

आता विंडोज. मोठं अपग्रेड झालं की सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर राहतो, त्यात आधीचं आख्खं विंडोज असतं. विंडोज १० आणि ११ मध्ये तो साधारण १० दिवसांनी आपोआप जातो, पण जागा लगेच हवी असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असं जा आणि 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' वर टिक करून काढा. त्यानंतर जुन्या व्हर्जनवर परत जाता येत नाही, त्यामुळे नवीन विंडोजवर प्रिंटर, वायफाय, रोजचे प्रोग्रॅम नीट चालतायत ना ते आधी बघून घ्या. त्याच यादीत डाउनलोड्सपण असतं, त्यावर चुकून टिक गेली तर तो फोल्डर रिकामा होईल. आणि फॉरमॅट न करता विंडोज नव्याने टाकलं असेल तर तुमचा जुना डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स याच फोल्डरच्या आत 'यूजर्स' मध्ये पडलेले असू शकतात, ते आधी बाहेर काढा.

रिस्टोअर पॉइंट्स, म्हणजे काही बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून विंडोजने जपून ठेवलेली सिस्टिमची आधीची स्थिती. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा, ड्राइव्ह निवडून कॉन्फिगर दाबा, तिथे किती जागा वापरू द्यायची त्याचा स्लायडर आहे, तो कमी केला की सगळ्यात जुने पॉइंट आपोआप गळतात. शेजारचं डिलीट बटण त्या ड्राइव्हचे सगळेच पॉइंट काढतं, म्हणून मी स्लायडरच सुचवेन.

फाइल हिस्टरी चालू असेल तर ती डिफॉल्टने दर तासाला बदललेल्या फाइल्सच्या कॉप्या घेते आणि कायमच्या ठेवते, त्यामुळे बाहेरची डिस्कसुद्धा भरते. कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल हिस्टरी, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, 'क्लीन अप व्हर्जन्स' असं जाऊन एका वर्षापेक्षा जुनी व्हर्जन काढा. प्रत्येक फाइलचं शेवटचं व्हर्जन राहतं, पण जे फोल्डर तुम्ही मधे यादीतून वगळले असतील त्यांच्या कॉप्या मात्र पूर्ण जातात, हे लक्षात ठेवा. तिथेच किती काळ ठेवायचं तेही बदलून टाका, म्हणजे पुढच्या वेळी हे हाताने करावं लागणार नाही.

आयफोन कॉम्प्युटरला जोडत असाल तर जुन्या, कधीच विकलेल्या फोनचे बॅकअपसुद्धा तसेच पडून असतात आणि ते चांगलेच मोठे असतात. आयट्यून्समध्ये प्रेफरन्सेस, डिव्हायसेस इथून, मॅकवर फोन जोडून फाइंडरमधल्या 'मॅनेज बॅकअप्स' मधून काढा. नाव आणि तारीख दोन्ही वाचा.

आता जिथे सगळ्यात जास्त नुकसान होतं ते. बॅकअप सॉफ्टवेअर वापरत असाल तर पहिला बॅकअप फुल, म्हणजे सगळ्या फाइल्सचा असतो आणि नंतरचे बहुतेक वेळा इन्क्रिमेंटल, म्हणजे प्रत्येकात फक्त आधीच्या बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच असतं. समजा रविवारी फुल घेतला आणि सोमवार ते शनिवार इन्क्रिमेंटल, तर शनिवारची स्थिती परत आणायला रविवारपासूनचे सगळेच्या सगळे लागतात. माळेतला एक मणी काढला की पुढची माळ सुटलीच. आणि लोक नेमकी काढतात ती सगळ्यात जुनी आणि मोठी फाइल, म्हणजे रविवारचा फुल! डिफरन्शियल, म्हणजे प्रत्येक वेळी शेवटच्या फुलनंतर बदललेलं सगळं घेणारा बॅकअप असेल तर फुल आणि तो एक एवढे दोनच लागतात, पण फुल तिथेही लागतोच. म्हणून आधी नवीन फुल घ्या, तो तपासा, मग जुना आख्खा सेट सॉफ्टवेअरमधून काढा आणि रिटेन्शनमध्ये किती सेट ठेवायचे ते सांगून ठेवा.

मॅकवर टाइम मशीन हे त्याचं स्वतःचं बॅकअप सॉफ्टवेअर जुने बॅकअप डिस्क भरली की स्वतःच काढतं, तिथे फारसं काही करायची गरज नाही. लिनक्सवर सिस्टिमचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या-त्या वेळच्या स्थितीच्या कॉप्या घेणारं टाइमशिफ्ट आरसिंक मोडमध्ये (फाइल्स कॉपी करायच्या पद्धतीत) असेल तर न बदललेल्या फाइल्स हार्ड लिंकने सामायिक असतात, म्हणजे फाइल डिस्कवर एकदाच असते आणि सगळे स्नॅपशॉट तिलाच दाखवतात, त्यामुळे २० जीबीचा दिसणारा स्नॅपशॉट काढून १ जीबीच सुटली असं होऊ शकतं, घाबरू नका, बरोबरच आहे ते.

सर्चमध्ये 'डॉट बॅक' (.bak) टाकून सापडेल ते सगळं उडवणं मात्र बिलकुल नको. ऑटोकॅडची डॉट बॅक म्हणजे ड्रॉइंगचं आधी सेव्ह केलेलं रूप, पण एसक्यूएल सर्व्हरची डॉट बॅक म्हणजे आख्खा डेटाबेस असू शकतो, आणि दोघांचं एक्स्टेन्शन एकच. विंडोज फोल्डरमधला 'विनएसएक्सएस' (WinSxS) फोल्डरपण बॅकअप नाहीये, तो विंडोजला लागतो, हाताने काढू नका.

सगळं झालं की रिसायकल बिन रिकामा करा, तोपर्यंत हाताने डिलीट केलेल्या फाइल्सची जागा सुटत नाही. पण एसएसडी असेल तर रिकामा करायच्या आधी एक-दोन दिवस थांबा, कारण ट्रिम (डिलीट झालेल्या फाइलची जागा एसएसडीला पुसू देणारी सोय) चालू असलं की एसएसडीवरून एकदा गेलेली फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरलाही बहुतेक सापडत नाही.