ख्रिस्ती घरात वॉल्डॉर्फ: तिसरीचा जुना करार आधी तपासा

वॉल्डॉर्फ पद्धतीने, म्हणजे गोष्टी, चित्रं आणि हस्तकलेतून शिकवण्याच्या शाळापद्धतीने, घरी शिकवायला लागलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचं पहिलं वर्ष बहुधा भलत्याच गोष्टी गाळण्यात जातं. पऱ्या आणि बुटके काढले, सकाळचं पठण बदललं, ऋतूच्या टेबलावरची बाहुली उचलली, की काम झालं असं वाटतं. खरी अडचण तिथे नसतेच. ती तिसरीच्या अभ्यासक्रमात ‘जुना करार’ या ओळखीच्या नावाखाली बसलेली असते, आणि नाव ओळखीचं म्हणून तिथे कोणी थांबून बघत नाही.

पहिलीत परीकथा, दुसरीत प्राणिकथा आणि संतांच्या आख्यायिका, तिसरीत जुन्या करारातल्या गोष्टी, चौथीत नॉर्स (उत्तर युरोपातल्या) पुराणकथा, पाचवीत प्राचीन भारत, इराण, इजिप्त, ग्रीस, हा क्रम तुम्हाला पाठ असेल. तो असाच का लावला, हे विचारा. ही पद्धत सुरू करणारे रुडॉल्फ स्टायनर (1861–1925) यांच्या मांडणीत मूल मानवजातीच्या जाणिवेचे टप्पे पुन्हा ओलांडत वाढतं. नवव्या वर्षाच्या सुमारास त्याला आपण जगापासून वेगळे आहोत हे जाणवू लागतं, आणि एदेन बागेतून बाहेर पडण्याची गोष्ट त्या अवस्थेचा आरसा म्हणून सांगायची असते. म्हणजे आदाम, अब्राहाम, मोशे ही इथे मुलाच्या मनःस्थितीची चित्रं ठरतात. देवाने माणसाशी खरोखर केलेला करार, पाप, तारणाचं वचन, यांवर या क्रमाचा काही भार नाही. पुढच्याच वर्षी ओडिन आणि थॉर हे नॉर्स देव त्याच जागेवर येऊन बसतात.

मुलाला हे कोणी शब्दांत सांगत नाही, म्हणून तर ते लक्षात येत नाही. तीच मेणबत्ती, तोच संथ आवाज, तीच मुख्य पाठाची वही (मूल स्वतः लिहून, रंगवून तयार करतं ती), तेच रंग. जूनमध्ये अब्राहाम आणि पुढच्या जूनमध्ये ओडिन. दोन्ही सारख्याच आदराने आले की मूल दोन्हींना सारखंच वजन देतं. त्यात त्याची चूक नाही. वहीवर वरच्या कोपऱ्यात बायबलमधलं एखादं वचन लिहून हे सुधारत नाही. वचन डकवणं हा या वाटेवरचा सगळ्यात फसवा शॉर्टकट आहे, आणि ‘ख्रिस्ती वॉल्डॉर्फ’ म्हणून मिळणाऱ्या तयार अभ्यासक्रमांतही नेमकं हेच केलेलं दिसू शकतं.

शब्दांचंही तसंच. स्टायनरच्या लिखाणात ख्रिस्त आहे, आद्यदेवदूत मीखाएल आहे, देवदूत आहेत. पण त्यांचा ख्रिस्त हा सूर्याशी जोडलेलं एक वैश्विक अस्तित्व आहे. मत्तय आणि लूक यांच्या वंशावळीत फरक दिसतो, त्यावरून ते येशू नावाची दोन बालकं होती असं मांडतात. पुनर्जन्म आणि कर्म तर गृहीतच आहेत. इब्री 9:27 (माणसाला एकदाच मरायचं आणि मग न्याय) मानणाऱ्या घरात हे बसत नाही, कितीही ओढूनताणून बसवलं तरी. 29 सप्टेंबरचा मीखाएलाचा सण ठेवायचा असेल तर दानीएल, यहूदा आणि प्रकटीकरण 12 उघडून ठेवा. 1879 पासून मीखाएल या युगाचा अधिपती आत्मा आहे, ही स्टायनर यांची कल्पना त्या सणात नकळत येऊ देऊ नका.

घाबरून सगळं फेकायची मात्र गरज नाही. यातलं खूप काही निखळ चांगलं आहे, आणि ते वापरताना अपराधी वाटायचं कारण नाही. एका वहीत तीन रकाने आखा: काय करायचं, पद्धत त्याचं काय कारण देते, आपलं कारण काय. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती गोष्ट सोडून द्या. उदाहरणार्थ, गोष्ट आज सांगायची, उद्या मुलाकडून ऐकायची, परवा लिहायची. पद्धतीचं कारण असं की झोपेत आत्मिक भाग शरीराबाहेर जातो. आपलं कारण साधं: मध्ये एक रात्र गेल्यावर स्वतः आठवून सांगितलेलं जास्त टिकतं. ठेवा. वाचन सातव्या वर्षापर्यंत लांबवण्याचं कारण दुधाचे दात पडताना ‘ईथर देह’ (स्टायनर यांच्या मते शरीर वाढवणारा अदृश्य जीवनदेह) मोकळा होतो, हे. हे मानत नसाल तर पाचव्या वर्षी अक्षरं मागणाऱ्या मुलाला थोपवू नका. आणि जे मूल तयार नाही त्याला ओढूही नका. स्टायनर यांनी वापरलेल्या चार स्वभावप्रकारांची (तापट, उत्साही, संथ, उदास) चिठ्ठी मुलावर चिकटवणं मी तरी सरळ गाळेन. विणकाम, आकाररेखन (रेषा आणि आकृत्या हाताने काढणं), मेणाचे रंग, तीन-चार आठवडे एकच विषय, हे सगळं बिनधास्त ठेवा.

नॉर्स कथा ठेवायच्या की नाहीत यावर कुटुंबागणिक मत वेगळं असेल. ठेवल्या तर दुपारी, साहित्य म्हणून, वेगळ्या वहीत, मेणबत्तीशिवाय. आणि पवित्र शास्त्र तिसरीची वाट न बघता पहिलीपासून रोज, तोंडी सांगून नव्हे तर ग्रंथ हातात धरून वाचा. मार्काचे 16 अध्याय आहेत. रोज अर्धा घेतला तर 32 दिवस, म्हणजे आठवड्याला पाच दिवस धरून सुमारे साडेसहा आठवडे. दहा मिनिटं पुरतात.

मार्गदर्शक निवडताना एकच प्रश्न विचारा: तिसरीत जुना करार का? ‘मुलांना आवडतो म्हणून’ असं उत्तर आलं तर त्यांना पद्धत माहीत नाही. पाळकांशी बोलायचं असेल तर अभ्यासक्रमाची पानं हातात घेऊन जा. न वाचता दिलेली परवानगी आणि न वाचता घातलेली बंदी, दोन्ही निरुपयोगी.

उत्पत्तीचा पहिला अध्याय ओल्या कागदावर रंगवणं हा या पद्धतीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग आहे. आठवड्याला दोन चित्रं, तीन आठवड्यांत सहा दिवस. कागद दहा मिनिटं भिजवा, फळीवर पसरा आणि पाण्याची तळी दिसेनाशी होईपर्यंत स्पंजने टिपा. रंग चिखलासारखे होतात ते बहुधा इथेच, नाहीतर ब्रश न धुता दुसरा रंग घेतल्यामुळे. एका बैठकीत दोनच रंग. पहिल्या दिवशी पिवळा आधी, निळा कडेने. दुसऱ्या दिवशी वरच्या आणि खालच्या निळ्याच्या मध्ये पांढरी पट्टी कोरी सोडायची. तिसऱ्या दिवशी खालच्या निळ्यावर पिवळा उतरला की हिरवळ आपोआप उगवते, आणि मूल तिथे थबकतं. तेव्हा काही समजावू नका. देवाचं चित्र काढायचं नाही. सातव्या दिवसाचं पान वहीत कोरं ठेवा. मूल ते भरायला मागेल. त्या दिवशी फक्त ब्रश धुवून वाळत घालायचे.