चुंबक लांब सरकवलं आणि व्होल्टेज वाढलं

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत शेकआउट मशीनच्या (साचा हलवून ओतीव भागावरची वाळू झाडणारं मशीन) थरथरीवर छोटा सेन्सर चालवायचा होता. लोखंड आणि गॅलियमच्या मिश्रधातूची, म्हणजे गॅल्फेनॉलची पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यावर चिकटवलेली (नुसती वाकवली तर वरचा ताण नि खालचा दाब एकमेकांना खातात), भोवती कॉइल, शेजारी निओडिमियम चुंबक. ताण बदलला की पट्टीतलं चुंबकत्व बदलतं आणि कॉइलमध्ये वीज येते. हा विलारी परिणाम. पण मल्टिमीटरवर आकडा जेमतेम. मिस्त्री म्हणाले, "भावा, अजून एक चुंबक लाव की." लावलं, तर आकडा आणखी पडला!

चुंबकीय क्षेत्र फार जोरदार झालं की पट्टीतले सगळे डोमेन, म्हणजे आतले चिमुकले चुंबकी भाग, एकाच दिशेला ताठ होतात, थरथरीला ते दाद देत नाहीत. चुंबक अजिबात नसेल तर ते विस्कटलेले, त्यांचे परिणाम आपसांतच जिरतात. म्हणून मशीन चालू ठेवून चुंबक आणि पट्टीमध्ये पुठ्ठ्याचे तुकडे वाढवत गेलो. एसी व्होल्टेज चढत चढत एका अंतरावर सगळ्यात जास्त झालं, पुढं परत उतरलं. तेच अंतर पक्कं केलं. फाउंड्रीच्या उष्णतेत पुठ्ठा कसला टिकतोय, तिथं पितळी पत्रा घातला. लोखंडी पत्रा मात्र नको, तो क्षेत्रच आपल्याकडं ओढून घेतो.