लेक्टिन खराब नसतं, घाई खराब असते: या चुका टाळा

‘मॅडम, ही लेक्टिनची बाटली खराब आलीये.’ शिकाऊ मुलांची नवी बॅच आली की आठवड्याच्या आत हे ऐकू येतंच. बाटली बहुतेक वेळा चांगलीच असते.

लेक्टिन म्हणजे शर्करा पकडणारं प्रथिन. रक्तपेढीत ए गटाचे ए१ आणि ए२ हे उपगट वेगळे करायला आपण वापरतो ते अँटी-ए१ लेक्टिन कुळथाचं. हो, ज्याची पिठी आपण भातावर घेतो तोच कुळीथ. १९५१ साली बर्ड यांनी ‘करंट सायन्स’मध्ये त्याच्या अर्काचा हा गुण नोंदवला. चार साखळ्यांचं हे प्रथिन तांबड्या पेशीवरची एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामाइन ही शर्करा पकडतं. पकडी एकाहून जास्त, म्हणूनच पेशीला पेशी जोडली जाते आणि गुठळी दिसते.

आता गोम अशी, की ही शर्करा ए२ वरही असते. ए१ पेशीवर अशा जागा साधारण ८ ते १० लाख, ए२ वर अडीच लाखांच्या आसपास. म्हणजे अर्क दाट असेल तर ए२ सुद्धा गोळा होणार.

आमच्याकडे एका हौशी मुलाने बाजारातले कुळीथ भिजवून, वाटून, सलाइनमध्ये अर्क काढला. कौतुक केलं मी. दुपारी बघते तर ए गटाचा प्रत्येक नमुना ए१! खात्रीच्या ए२ पेशी त्याच्या हातात दिल्या, त्याही घट्ट गोळा. ‘कंट्रोल लावला होतास? गट आधीच माहीत असलेल्या पेशींवर अर्क तपासला होतास?’ ‘वेळ नव्हता.’ मग संध्याकाळी सातपर्यंत वेळच वेळ होता: अर्क निम्म्याने, पुन्हा निम्म्याने पातळ करत गेलो, ए१ जोरात आणि ए२, ओ अगदी कोरे येईपर्यंत. सगळे नमुने परत तपासले. तेव्हापासून माझी सवय अशी की तयार बाटली असली तरी सकाळी आधी ए१, ए२ आणि ओ अशा तीन नळ्या, मगच पेशंटचं रक्त.

नळी लावून चहाला जाऊ नका. बाटलीसोबतच्या पत्रकात लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवली की ए२ खोटं बोलायला लागतो.

पेशी धुवा. प्लाझ्मात विरघळलेला ए पदार्थ लेक्टिन आधीच खाऊन टाकतो.

नवजात बाळाला ए२ ठरवू नका. त्याचं ए१ अजून पुरतं तयार झालेलं नसतं.

ओ पेशी गोळा झाल्या तर बाटलीला शिव्या देण्याआधी टीएन किंवा कॅड आठवा: क्वचित कुणाच्या पेशींवर असणाऱ्या या खुणा, त्यांनाही हे लेक्टिन चिकटतं.

दुसरं माझं दुखणं कॉन-ए, म्हणजे कॉनकॅनॅव्हॅलिन-ए. अबईच्या जातभाईचं, जॅक बीनचं हे लेक्टिन मॅनोज आणि ग्लुकोज पकडतं, पण दर साखळीत एक मॅंगनीज आणि एक कॅल्शियम बसलेलं असेल तरच. एका मुलीने कॉन-ए भरलेला कॉलम (नमुना ज्यातून गाळतात ती नळी) ‘स्वच्छ’ करायला आम्ल आणि धातू ओढून घेणारं ईडीटीए, दोन्ही फिरवलं. धातू निघून गेले, शर्करेचा खळगा विस्कटला, आणि दोन दिवस ती नमुन्यालाच दोष देत बसली. अशा वेळी मी आधी मॅंगनीज देते, मग कॅल्शियम. क्रम उलटा नको, कारण मॅंगनीज बसल्यावरच कॅल्शियमची जागा नीट तयार होते. बफरही फॉस्फेटचा घेत नाही, त्यात कॅल्शियम खाली बसतं. हेपिस हा दुसरा बफर घेते.

आणि ग्लुकोजवाल्या कल्चर मीडियमात कॉन-ए टाकून ‘बांधत नाही’ म्हणत माझ्याकडे येऊ नका; ते तिथलं ग्लुकोजच पकडून बसलेलं असतं.