ॲबॅकस शिकताना ‘अठ्ठावन्न’ विसरा

“आई, आकडे सांग गं,” म्हणत लेकीनं ॲबॅकस, म्हणजे सळयांवरचे मणी सरकवून हिशेब करायची चौकट, पुढ्यात ओढला. मी वहीतून वाचलं, “अठ्ठावन्न.” ‘अठ्ठा’ कानावर पडताच तिचं बोट एककाच्या सळईवर गेलं, ‘वन्न’ आल्यावर डावीकडे पळालं. पुढचा आकडा होता एकोणसाठ. त्यात ना पाच ऐकू येतो, ना नऊ. तिनं मणी सोडून दिले. “पाच-नऊ असं म्हण ना!”

मराठीत आपण एकक आधी बोलतो, दशक मागून. ॲबॅकसवर मात्र मोठा आकडा आधी मांडायचा, डावीकडून उजवीकडे. तिच्या क्लासमध्ये आकडे इंग्रजीत सांगतात, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा चेष्टा करणाऱ्यांत मीही होते. मुलुंडच्या घरी ओट्याशेजारी बसून मणी सरकवायला लागल्यावर गप्प बसले. बोलताना एकवीसच म्हणा, पण ॲबॅकससमोर ‘वीस-एक’ म्हटल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

कोणता घ्यायचा

तेरा सळयांचा पुरतो. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्टेशनरीची दुकानं आहेत, नाहीतर नाक्यावरच्या दुकानातही मिळेल. प्रत्येक सळईवर आडव्या पट्टीच्या वर एक मणी आणि खाली चार, असाच घ्या. हा जपानी प्रकार, सोरोबान. चिनी सुआनपानवर वर दोन आणि खाली पाच मणी असतात, त्याचा इथे उपयोग नाही. बालवाडीतल्या पाटीचे दहा-दहा मणीही वेगळेच. दुकानात हातात घेऊन मणी सरकवून बघा. अडकणारा नको आणि नुसत्या धक्क्यानं घरंगळणाराही नको.

मांडणी

ॲबॅकस आपल्याकडे थोडा कलता करा, म्हणजे सगळे मणी खाली येतील. मग टेबलावर सपाट ठेवा आणि वरच्या मण्यांखालून तर्जनी फिरवून ते वर ढकला. पट्टीला एकही मणी चिकटलेला नाही, म्हणजे शून्य.

वरचा मणी पाचाचा, खालचा प्रत्येक एकाचा. पट्टीला टेकला तोच मोजायचा. सात म्हणजे वरचा खाली आणि खालचे दोन वर. खालचे मणी वर नेताना अंगठा, बाकी सगळ्याला तर्जनी. सुरुवातीला हे उगाच वाटतं, मलाही वाटलं होतं, पण चुकीच्या बोटाची सवय लागली की नंतर वेग येत नाही.

पट्टीवर दर तिसऱ्या सळईला ठिपका असतो. उजवीकडची एखादी ठिपकेवाली सळई एककाची माना, पुढचा ठिपका हजारावर येईल. त्यापुढचा मात्र थेट दहा लाखांवर, कारण हे ठिपके आपल्या लाख-कोटीच्या हिशेबानं दिलेलेच नाहीत. मी लाखाच्या सळईजवळ नेलपॉलिशचा लाल टिपका लावलाय.

बेरीज: खरी मेख इथे आहे

पहिला आठवडा सरळ बेरजा करा. २१ मध्ये ५२: दशकावर दोन मणी आहेत, त्यात वरचा पाच खाली आणा. एककावर एक आहे, त्याला दोन जोडा. ७३.

मग ४ + ३ करून बघा. खालचे चारही मणी वापरून झाले, तीन आणायचे कुठून? पाच द्या आणि दोन परत घ्या. भाजीवाल्याला तीन रुपये द्यायचेत, सुटे नाहीत, तर पाचाचं नाणं देऊन दोन परत घेतो, तसंच. वरचा मणी खाली, खालचे दोन बाहेर, उरले सात. क्लासमध्ये ३ आणि २ या जोडीला ‘स्मॉल फ्रेंड’ म्हणतात. ४ आणि १ ही दुसरी जोडी.

दहाचे ‘बिग फ्रेंड’ म्हणजे ९-१, ८-२, ७-३, ६-४, ५-५. ८ + ७ करताना सात मावत नाहीत, म्हणून डावीकडच्या सळईवर दहा द्यायचे आणि इथून तीन परत घ्यायचे. आपल्या शाळेतला ‘हातचा’ हाच, फक्त इथे तो डोक्यात धरून ठेवावा लागत नाही, समोर मणी असतो.

आता नाठाळ प्रकार. ७ + ६ घ्या. दहा देऊन चार परत घ्यायचेत, पण खाली दोनच मणी आहेत. मग चार काढण्यासाठी पाच काढा आणि एक घाला. सळईवर तीन राहिले, डावीकडे दहा गेले, झाले तेरा. अशा दोन-दोन उड्यांच्या बेरजा नेमक्या दहा आहेत: ५, ६, ७, ८ मध्ये ६ मिळवणं, ५, ६, ७ मध्ये ७, ५, ६ मध्ये ८, आणि ५ मध्ये ९. कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. माझा सगळ्यात जास्त वेळ या दहांनी खाल्ला, आणि ७ + ७ अजूनही कधीकधी चुकतं.

आता ५८ + ६७. पाच-आठ मांडा. आधी साठ: दशकाच्या पाचात सहा मिळवायचे, म्हणजे फ्रिजवरचीच जोडी. पाच काढा, एक घाला, शतकावर एक. झाले ११८. आता सात: आठातून तीन काढा, दशकावर एक वाढवा. १२५.

वजाबाकीत सगळं उलटं: दहा काढा, मित्र परत द्या.

गुणाकारासाठी पाढे पाठच हवेत. ३४ गुणिले ७ म्हणजे सात त्रिक एकवीस, म्हणून आधी २१० मांडायचे. सात चोक अठ्ठावीस, ते त्यात मिळवले की २३८. त्रिक दशकाचं आहे हे विसरलात तर २१ मांडून बसाल.

फोनमध्ये कॅल्क्युलेटर असताना?

हा प्रश्न सासूबाईंनीही विचारला. १२ नोव्हेंबर १९४६ रोजी टोकियोत कियोशी मात्सुझाकी यांनी सोरोबानवर, अमेरिकी सैनिकाच्या विजेवरच्या गणनयंत्राला ४-१ असं हरवलं होतं. यंत्रानं एकच फेरी जिंकली, गुणाकाराची. पण त्या गोष्टीवर भाळून फोन फेकू नका. मूल हुशार वगैरे होतं या जाहिरातींवरही माझा फार विश्वास नाही. मला आवडतं ते आकडा डोळ्यांसमोर दिसायला लागतो ते. लेक आता लोकलमध्ये उभ्या उभ्या हवेत बोटं हलवते.

आणि आमची भाजीवाली मावशी कधी क्लासला गेलेली नाही, तरी पंचेचाळीस आणि पस्तीस असे जोडते: “चाळीस न् तीस सत्तर, वर पाच-पाच दहा, ऐंशी द्या.” दशक आधी!

सरावाला रोज दहा मिनिटं पुरेत. बेरीज अंगात मुरली की ही परीक्षा घ्या: १२,३४,५६,७८९ मांडा आणि तोच आकडा त्यात आणखी आठ वेळा मिळवा. शेवटी १,११,११,११,१०१ दिसलं पाहिजे. मला पहिल्यांदा बावीस मिनिटं लागली. वीस-दोन.