समासातला ‘कोण?’

पीएचडीला प्रवेश मिळाला की आधी कोर्सवर्क. यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार ते किमान 12 क्रेडिटचं असतं. त्यात ‘रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स’ हा 30 तासांचा पेपर सक्तीचा, आणि 55 टक्के मिळाल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. हे माहितीपत्रकात असतंच. तिथे नसतं ते सांगते.

माझा विषय ऊसतोड कामगारांचं स्थलांतर. मी बीडकडचीच, त्यामुळे वाटायचं, लिहायला काय लागतं? एमएपर्यंत पुरवण्यांवर पुरवण्या लावल्या होत्या. कोर्सवर्कमध्ये पूर्वसंशोधनाचा आढावा द्यायचा होता. तीन इंग्रजी लेख पुढ्यात घेतले, उतारे मराठीत आणले, शेवटी संदर्भसूची जोडली. सॉफ्टवेअरच्या तपासणीत इतरांच्या लेखनाशी साम्य निघालं 4 टक्के! 2018च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत कारवाई नाही. त्याच्या वर 40पर्यंत असेल तर सुधारून पुन्हा द्यायचं, आणि 60च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. मी हवेत होते.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी माझं पान आणि मूळ लेखाचं पान शेजारी शेजारी ठेवलं. वाक्याला वाक्य. उदाहरणांचा क्रमसुद्धा तोच. “सॉफ्टवेअरला इंग्रजी-मराठी जुळवता आलं नाही. मला येतं ना,” एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी डबा तसाच परत आणला.

मग त्यांनी सांगितलेली सवय लावून घेतली. लेख वाचायचा, मिटायचा, आणि त्यात काय आहे ते चुलतीला सांगतोय असं समजून चार ओळींत वहीत लिहायचं. चुलतीने बरेच हंगाम ऊस तोडलाय, तिच्यासमोर ‘सामाजिक-आर्थिक परिप्रेक्ष्य’ चालत नाही. चार ओळी जमल्या नाहीत तर लेख समजलेला नाही, पुन्हा उघडायचा. पहिल्या महिन्यात बहुतेक लेख पुन्हा उघडावे लागले.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप करा. शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, जुने मराठी प्रबंध उघडून बघा, कित्येक नुसते स्कॅन केलेले असतात, नाहीतर जुन्या फॉन्टमधले, आत एक शब्द शोधून सापडत नाही. संदर्भ झोटेरोत, म्हणजे संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवा. तो फुकट आहे आणि देवनागरीही घेतो. पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापून देतो म्हणणाऱ्यांचे मेल येतील, ते थेट डिलीट. प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट यूजीसीच्या 2022च्या नियमांत राहिलेली नाही. आपल्या विद्यापीठाचं काय आहे तेवढं विचारून घ्या.

खरी गाडी अडली ती एका वाक्यावर. मी लिहिलं होतं, ‘ऊसतोड कामगार कर्जबाजारी असल्याचे दिसून येते.’ समासात मॅडमनी लाल शाईने लिहिलेला एकच शब्द: ‘कोण?’ मला वाटलं, कामगार कोण ते विचारतायत. “अगं, दिसून कोणाला येतं? तुला? कुठे आणि कधी?” आपल्याकडे एमएपर्यंत ‘दिसून येते’, ‘मानले जाते’, ‘अभ्यासकांच्या मते’ यावर मार्क मिळतात, म्हणून हात तिकडेच वळतो. माझ्या वीस पानांत ‘दिसून येते’ सदतीस वेळा निघालं. मोजून बघा एकदा आपलं.

वाक्य पुन्हा लिहिलं: ‘हंगाम संपला तरी आगाऊ घेतलेली उचल फिटली नव्हती, म्हणून पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागलं, असं केज तालुक्यातल्या एका कोयत्याने सांगितलं.’ माझ्या मते आता कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. पान परत आलं. ‘कोयत्याने’खाली रेघ, समासात पुन्हा ‘कोण?’

ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीवर मिळते, हिशोबही जोडीचाच. मी क्षेत्रकार्याची वही काढली. बोलला होता नवरा. बायको चुलीपाशी भाकरी थापत होती, आणि तिला मी काही विचारलंच नव्हतं. चहा मात्र तिच्याच हातचा प्यायले होते.

कारखान्याचा हंगाम संपल्यावर पुन्हा गेले, नवरा बाहेर गेलेला असताना. उचल किती घेतली होती, असं विचारलं. “ते त्यांलाच ठावं,” ती म्हणाली. “मला कुणी सांगितलं न्हाई.”

त्या परिच्छेदाचा तिसरा खर्डा सध्या टेबलावर आहे.