हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मुक्काम करताय? या चुका टाळा

पायथ्याच्या पाचनईहून दोन-अडीच तासांत वर पोचता येतं, म्हणजे हरिश्चंद्रगड सोपा, असं धरून येणारी मंडळी दर हिवाळ्यात भेटतात. चढ सोपा आहे, मान्य. पण मुक्काम पडतो तो हजार मीटरच्या वर, आणि तिथं वाऱ्याचं राज्य असतं.

सगळ्यात मोठी चूक तंबूची. फोटोत कडा यायला हवा म्हणून लोक थेट कड्याच्या तोंडाशी तंबू ठोकतात. कोकणकडा घोड्याच्या नालेसारखा आत वळलेला. कोकणातून येणारा वारा त्यात कोंडतो आणि सरळ वर उसळतो. संध्याकाळी पानही हलत नसतं, तिथंच फसगत होते.

एका डिसेंबरात आमच्याबरोबर नवखी पोरं होती. पिठलं-भाकरी वाढताना झोपडीवाले मामा म्हणाले, "रातच्याला वारं उठंल, देवळाकडं सरका." पोरं हसली. खरं सांगायचं तर मीही कंटाळा केला. खाली कातळ, खुंट्या दोन बोटंसुद्धा शिरेनात, म्हणून दोऱ्या नारळाएवढ्या दगडांना बांधल्या. दीडच्या सुमारास पहिला झोत आला. तंबूची काठी काडकन मोडली, एक दगड दोरीसकट माझ्या नडगीवर आदळला आणि वरचं कापड अंधारात गायब. कड्याखालच्या बेलपाड्यात कुणाला सापडलं असेल तर देव जाणे. मग दोघांच्या तंबूत पाच जण, पाय पोटाशी घेऊन उजाडेपर्यंत.

तेव्हापासून माझा तंबू कड्यापासून लांब, उंचवट्याच्या आडोशाला आणि दार वाऱ्याकडे पाठ करून. दोरीला दगड असा, की उचलायला दोन्ही हात लागावेत. रिकामा तंबू सोडून सूर्यास्त बघायला जायचं नाही. आधी सॅका आत, चार कोपऱ्यांत. हल्ली दोन मिनिटांत उभे राहणारे तंबू मिळतात. उडतातही तेवढ्याच वेळात.

घामेजलेला टी-शर्ट वर पोचल्या पोचल्या बदला. थंडी वाजायला लागल्यावर बदलण्यात अर्थ नाही. कानटोपी घ्याच.

मोबाईल म्हणजे टॉर्च नव्हे.

कडा बघायचा तो पोटावर झोपून.

इंद्रवज्राची, म्हणजे ढगांवर दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्याची, वाट बघत संध्याकाळी बसू नका. त्याला सूर्य पाठीशी आणि ढग समोर खाली लागतात. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेव्हा हिशोब करा आणि सकाळी या.

नळीची वाट, म्हणजे बेलपाड्याहून उभ्या घळीतून वर येणारी, पहिल्याच ट्रेकला? नाही. का, ते विचारणाऱ्यानं तर मुळीच नाही.

खिरेश्वरहून येणारे तोलार खिंडीच्या वर धुक्यात हमखास चकतात. सगळीकडे सारखंच गवत, सारख्याच टेकाडं-घळी. गावातला वाटाड्या घ्या. येताना हायवेवर मिसळीला बिनबोभाट पैसे मोजणारे आठ जण इथं शंभर रुपयांसाठी घासाघीस करताना मी पाहिलेत. संध्याकाळी त्यांना शोधायला तोच वाटाड्या निघाला होता.